सोळाच्या तीन सळया

गेल्या पावसाळ्यात तासगावकडचे एक निवृत्त शिक्षक माझ्या सांगलीच्या ऑफिसात आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन रिपोर्ट. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून म्हणाले, "मॅडम, बीम एकच आहे. एका इंजिनिअरनं लिहिलंय फेल, दुसऱ्यानं लिहिलंय पास. मी ३४ वर्षं दहावीला गणित शिकवलं. एका गणिताची दोन उत्तरं आली की मी दोन्ही पोरांना बाकावर उभं करायचो."

त्या दोघांना उभं करायचं काम आता माझ्याकडे आलं होतं.

घर २००४ चं, तळमजला आणि वर एक मजला. मुलाचं लग्न ठरलेलं, म्हणून वरचा मोकळा हॉल आणि जिन्याचा चौक यांच्यामध्ये विटेची भिंत घालून खोली बंद करायची. ही भिंत एका बीमवर येते. बीमच्या एका बाजूला १२५ एमएमचा स्लॅब, दुसऱ्या बाजूला जिन्याची पोकळी. बीम २३० रुंद, स्लॅब धरून ४५० खोल, दोन आधारांमधला गाळा साडेचार मीटर. खाली सोळा एमएमच्या तीन सळया. दोन्ही टोकं नुसती टेकलेली धरली, तर स्लॅबचे ९, बीमचे स्वतःचे २ आणि नव्या भिंतीचे ७, असे मीटरला १८ किलोन्यूटन होतात. त्यातून मधला मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा जोर, येतो ४५.६ किलोन्यूटन-मीटर. इथपर्यंत दोन्ही रिपोर्ट एकमेकांशी बऱ्यापैकी जुळत होते.

पहिला रिपोर्ट म्हणत होता की बीमची ताकद ४०.४, म्हणजे फेल. त्यात वर शेरा: "सेक्शन ओव्हर-रीइन्फोर्स्ड, ठिसूळ मोड संभवतो, जॅकेटिंग करावे." म्हणजे बीमच्या छेदात काँक्रीटच्या मानानं सळया जास्त, तो न सांगता मोडेल, म्हणून त्याला बाहेरून नवं वेष्टन द्या. दुसरा रिपोर्ट चोवीस पानी, रंगीत, सॉफ्टवेअरमधून निघालेला. त्यात लोड दीडपट करून मोमेंट ६८.३ आणि ताकद ९५.४. मोठा हिरवा टिकमार्क.

सरांना म्हटलं, "आधी घर बघू. कागद नंतर."

जिन्यात उभं राहून बीमच्या तळाशी हातभर लांब प्लास्टर काढलं आणि छिन्नीनं कव्हर, म्हणजे सळईखालचं काँक्रीट, फोडलं. सरांच्या मिसेसनी आधीच सोफ्यावर जुन्या चादरी टाकून ठेवल्या होत्या. आमच्या इंजिनिअर जातीचा त्यांना अनुभव असावा. आत सोळाच्या तीन सळया, रिब असलेल्या, गंज नाममात्र. त्यांना वेढणाऱ्या रिंगा सहाच्या, दर २०० एमएमवर एक. कव्हर २५. म्हणजे ४५० मधून २५, रिंगेचे ६ आणि अर्ध्या सळईचे ८ वजा जाता वरच्या कडेपासून सळईपर्यंतची खोली ४११. आपण ४१० धरू. जुन्या ड्रॉइंगची झेरॉक्स सरांनी जपून ठेवलेली, तिच्यावर एम २० आणि एफई ४१५ लिहिलेलं, म्हणजे चौरस एमएमला काँक्रीटची ताकद २० न्यूटन आणि सळईची ४१५. काँक्रीटवर आपटून ताकदीचा अंदाज देणारा हॅमर मारून पाहिला, एम २० ला धरून आकडे आले. हॅमरवर मी फार विसंबत नाही, पण तो ड्रॉइंगच्या विरुद्ध बोलत नसेल तर तेवढं पुरतं.

मग सरांच्या जेवणाच्या टेबलावर वही काढली. सर समोर चष्मा लावून बसले. गणित मी सांगणार आणि ते करणार, असं आपोआपच ठरलं.

आधी जुनी पद्धत घेतली, वर्किंग स्ट्रेस. यात काँक्रीट आणि सळई दोन्ही स्प्रिंगसारखी वागतात असं धरायचं: भार दुप्पट तर ताण दुप्पट. काँक्रीटमधला ताण वरच्या कडेला सगळ्यात जास्त, खाली उतरत न्यूट्रल अ‍ॅक्सिसवर शून्य, म्हणजे त्रिकोण. कॉइनेट आणि तेदेस्को यांनी १८९४ साली फ्रान्समध्ये मांडलेला हा सरळ रेषेचा हिशोब पुढे बऱ्याच देशांत जवळपास शतकभर चालला. सळई काँक्रीटपेक्षा ताठ, म्हणून तिचं क्षेत्रफळ 'एम' नं गुणून काँक्रीटमध्ये रूपांतरित करायचं. एम २० ला काँक्रीटवर चौरस एमएमला ७ न्यूटनपर्यंतच ताण चालतो, आणि हा गुणक 'एम' म्हणजे २८० भागिले तीन साती एकवीस, १३.३३. सोळाच्या तीन सळया म्हणजे ६०३ चौरस एमएम. गुणाकार ८०३८. मग उरतं ते दहावीचं वर्गसमीकरण:

११५क्ष² + ८०३८क्ष = ३२,९५,५८०

सरांनी ते कॅल्क्युलेटरशिवाय सोडवलं. वर्गमूळ भागाकार पद्धतीनं. पाच-सात मिनिटं लागली असतील, मी चहा पीत पाहत होते. क्ष आला १३७.९. म्हणजे वरच्या कडेपासून १३७.९ एमएमवर न्यूट्रल अ‍ॅक्सिस. काँक्रीट ७ वर पोचतं तेव्हा सळईत ताण किती? १८४. सळईला परवानगी २३० ची. म्हणजे या पद्धतीच्या नजरेत काँक्रीट आधी हात टेकतं आणि सळईची ताकद वाया जाते. मोमेंट ४०.४. पहिल्या रिपोर्टचा आकडा दशांशासकट जुळला. गणितात त्या इंजिनिअरची काही चूक नव्हती.

मग लिमिट स्टेट. आपल्या काँक्रीटच्या कोडात, आयएस ४५६ मध्ये, ती १९७८ च्या आवृत्तीत आली, ब्रिटिशांच्या १९७२ च्या सीपी ११० या कोडामागोमाग. २००० च्या आवृत्तीत वर्किंग स्ट्रेसची रवानगी मागच्या परिशिष्टात झाली, लिमिट स्टेट सोयीची नसेल तिथे वापरा म्हणून. इथे बीम रोजच्या भारात कसा वागतो हे विचारत नाहीत. मोडायच्या क्षणी तो कसा दिसेल हे विचारतात. काँक्रीटची वरची कड ०.००३५ इतकी आखडली की ते फुटणार. ०.००२ पर्यंत ताण वळण घेत चढतो, पुढे सपाट राहतो. त्यामुळे दाबाखालच्या उंचीचा ४/७ भाग पॅराबोला आणि ३/७ भाग आयत. क्षेत्रफळ काढलं तर १७/२१ येतं. ते काँक्रीटच्या ताकदीचा कोड जेवढा भाग धरतो त्या ०.४४६ नं गुणलं की आपला पाठ असलेला ०.३६. कॉलेजात हा ०.३६ मी आकाशातून पडल्यासारखा पाठ केला होता. तो कुठून येतो हे नोकरीला लागल्यावर, एका पावसाळी दुपारी साईट बंद होती म्हणून, कागदावर काढून पाहिलं.

इथे वर्गसमीकरणही नाही. सळई ताणली जाऊन सुटली, म्हणजे न तुटता लांबतच गेली, असं धरायचं: ०.८७ × ४१५ × ६०३, म्हणजे साधारण २,१७,७०० न्यूटनची ओढ. तेवढाच दाब काँक्रीटनं द्यायचा, म्हणून दाबाखालची खोली १३१.५. मर्यादा ४१० च्या ०.४८ पट, म्हणजे १९६.८, तिच्या बरंच आत. याचा अर्थ सळई आधी सुटणार, काँक्रीट नंतर. बीम आधी वाकेल, भेगा दाखवेल, ओरडेल, मग पडेल. ताकद ७७.२, दीडनं भागून रोजच्या भारात ५१.५.

सर वहीकडे बघत राहिले. "म्हणजे एक म्हणतो आधी काँक्रीट जाणार, दुसरा म्हणतो आधी सळई. हा आकड्यांचा फरक नाही मॅडम, हा साक्षीचाच फरक आहे."

अगदी तेच. आणि साक्ष कोणाची खरी, हे बीम मोडून पाहिलेल्यांनी केव्हाच सांगून ठेवलंय. मोडताना काँक्रीटमध्ये त्रिकोण शिल्लकच राहत नाही. वरच्या कडेचं काँक्रीट नमतं आणि खालच्या थरांवर भार सरकवतं. सोव्हिएत रशियानं १९३८ मध्येच हा त्रिकोण सोडला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत व्हिटनी यांनी म्हटलं होतं की वळणबिळण सोडा, त्या जागी सरळ आयताकृती ठोकळा धरा, उत्तर तेच येतं. मी गंमत म्हणून व्हिटनींचा ठोकळाही सरांना करून दाखवला. सुरक्षेचे सगळे गुणक काढून टाकले तर आपल्या पॅराबोलानं या बीमची ताकद ९२.० येते, आणि त्यांच्या ठोकळ्यानं, आपली घनावर मोजलेली काँक्रीटची ताकद त्यांच्या सिलिंडरच्या मापात ०.८ नं बदलून, ९२.६. एक टक्कासुद्धा फरक नाही. घरी येऊन एक्सेलमध्ये सेक्शनचे वीस काप करून, प्रत्येक कापाचा ताण वेगळा काढून बेरीज केली. गुणकांसह ७७ च आले, फरक दशांशात. काप करायची पद्धत खरी लागते ती आडव्यातिडव्या आकाराच्या किंवा दोन्ही बाजूंनी वाकणाऱ्या कॉलमला. आयताकृती बीमला वीस काप म्हणजे कोथिंबीर चिरायला कोयता.

मग वर्किंग स्ट्रेस एवढी कमी का सांगते? इथे सरांनी स्वतःच बोट ठेवलं. त्यांनी विचारलं, काँक्रीटचं सोडून द्या, नुसती सळई धरली तर जुन्या पद्धतीनं किती? २३० × ६०३ × ३६४, यात ३६४ म्हणजे सळईची ओढ आणि काँक्रीटचा दाब यांमधलं अंतर. आले ५०.५. लिमिट स्टेटचे ५१.५. म्हणजे सळईच्या बाबतीत दोन्ही पद्धतींचं भांडणच नाही. जुन्या पद्धतीत सळईवर सुरक्षा ४१५ भागिले २३०, म्हणजे १.८. नव्यात भारावर १.५ आणि सळईवर १.१५, गुणाकार १.७२. सख्ख्या बहिणी. काँक्रीटवर मात्र जुनी पद्धत जवळजवळ तिप्पट सुरक्षा मागते, आणि वर त्रिकोण धरून त्याची निम्मी ताकद हिशोबातच घेत नाही. सगळा तंटा तिथला.

याचा एक परिणाम साईटवर कामाचा आहे म्हणून सांगते. हाच बीम एम २० ऐवजी एम १५ चा निघाला असता, जुन्या १:२:४ च्या घरांत निघतो तसा, तर? काँक्रीट पंचवीस टक्क्यांनी कमजोर. लिमिट स्टेटनं ताकद ७७.२ वरून ७३.२, म्हणजे पाच टक्के घट. वर्किंग स्ट्रेसनं ४०.४ वरून ३२.३, सरळ वीस टक्के. एक पद्धत म्हणते घाबरायचं कारण नाही, दुसरी म्हणते घर सोडा. पण सळई पंचवीस एमएम वर बसली असती, म्हणजे ४१० चे ३८५ झाले असते, तर लिमिट स्टेटमध्येच सात टक्के गेले असते. काँक्रीटच्या ताकदीच्या, म्हणजे क्यूबच्या रिपोर्टासाठी आपण लॅबला दहा फोन करतो आणि सळई कुठल्या उंचीवर बसली हे बघायला स्लॅबवर चढत नाही. छज्जाच्या वरच्या जाळीवर मजूर नाचून ती खाली दाबतात, आणि १०० एमएमच्या छज्जात पंचवीस एमएम गेले की काय उरतं?

आता दुसरा रिपोर्ट. हिरवा टिकमार्क. ९५.४ कुठून आले हे शोधायला अकराव्या पानापर्यंत जावं लागलं. काँक्रीट एम २५, स्टील एफई ५००. सॉफ्टवेअर उघडल्यावर आधीपासून भरलेले असतात ते आकडे, कोणी बदललेच नाहीत. २००४ च्या सळईला ५०० ची ताकद बहाल केली. वर खोली ४१७, रिंगेची जाडी विसरून. त्यांचं "पास" हे उत्तर बरोबर होतं, पण सरांच्या भाषेत, रीत दाखवली असती तर शून्य मार्क मिळाले असते. पहिल्या इंजिनिअरनं निदान स्वतः गणित केलं होतं, हे मी सरांना मुद्दाम सांगितलं.

एवढं करून मी ऑफिसात आले आणि ५१.५ चा आकडा घेऊन रिपोर्ट टाइप करायला बसले. आमच्याकडे यंदाच लागलेली इंजिनिअर मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "मॅडम, स्लॅब कुठे गेला?"

लाज वाटली, खरंच. बीमच्या एका बाजूला स्लॅब आहे, बीमबरोबरच ओतलेला, बीमच्या रिंगा वर त्यात गेलेल्या, स्लॅबची सळई बीमवरून आरपार. मधल्या भागात वरची बाजू दाबाखाली, म्हणजे तो स्लॅबही दाबाला उभा राहतो. हा २३० चा आयत नाहीच, एल आकाराचा बीम आहे. कोडप्रमाणे स्लॅबची भागीदार रुंदी गाळ्याचा बारावा भाग ३७५, बीमचे २३० आणि स्लॅबच्या जाडीची तिप्पट ३७५, मिळून ९८०. मी दिवसभर दोन पद्धतींत कोण खरं याचा न्याय करत बसले होते आणि आम्ही तिघेही चुकीचा सेक्शन घेऊन बसलो होतो. सुरक्षित बाजूला म्हणून आयत धरायची सवय असते, आणि ती सवय नवीन डिझाईनला चालते. जुनं घर पास की फेल ठरवताना ती चालत नाही, कारण तिथे "सुरक्षित बाजू" म्हणजे एका माणसाचे जॅकेटिंगचे पैसे.

मुलीला म्हटलं, कर तू. जुन्या पद्धतीनं तिला न्यूट्रल अ‍ॅक्सिस आला ७४ एमएमवर, स्लॅबच्या आतच. काँक्रीटवर आता भार उरलाच नाही, सळई आधी २३० ला पोचते. ताकद ५३.४. लिमिट स्टेटनं ८६.४, रोजच्या भारात ५७.६. हवे होते ४५.६. दोन्ही पद्धतींनी पास, आणि दोघींतला फरक सत्तावीस टक्क्यांवरून आठवर. भांडण काँक्रीटवरून होतं. स्लॅबनं काँक्रीट भरपूर पुरवलं आणि भांडणच मिटलं. शिअर, म्हणजे टोकांजवळ बीम कापू पाहणारा जोर, तोही तिनं पाहून घेतला, सहाच्या रिंगांवर निभावतो.

माझे पहिले साहेब पक्के वर्किंग स्ट्रेसवाले. एसपी १६ ची, म्हणजे लिमिट स्टेटच्या तयार तक्त्यांच्या पुस्तकाची, प्रत त्यांच्या कपाटात होती, पण ती दाखवायला. आम्ही पोरं त्यातल्या तक्त्यात २.०० च्या ओळीवर बोट ठेवून ०.६४ टक्के स्टील असं फटकन सांगायचो, तर ते म्हणायचे, "तक्ता सांगतोय, तू सांग." त्यांची डिझाईन जड असायची, बीम दणकट, काँक्रीट भरपूर. तेव्हा आम्ही हसायचो. आता त्यांची घरं तपासायला येतात तेव्हा मजला वाढवायचा असो की भिंत, बहुतेक वेळा मला फार विचार करावा लागत नाही. पद्धत म्हणून मी तरी लिमिट स्टेटच्याच बाजूची. बीम मोडतो कसा हे तिला कळतं, जुनीला कळत नाही. पण पाण्याच्या टाकीच्या भिंतीत मोडायचा प्रश्न क्वचित येतो. भेग पडून पाझरायचा रोजचा. तिथे आयएस ३३७० या टाक्यांच्या कोडाच्या जुन्या हिशोबात रिबच्या सळईवरही ताण १३० पर्यंतच धरतात, म्हणजे सळई कमी ताणते, भेग बारीक राहते. लिमिट स्टेटनं भेगेची रुंदी वेगळी काढता येते, मीही काढते, पण छोट्या टाकीला १३० धरून पान उलटलेलं बरं.

सरांना फोन करून निकाल सांगितला. जॅकेटिंग नको. आधी ५१.५ सांगितले होते, त्याचं ५७.६ का झालं, हेही सांगितलं आणि चूक माझी होती हेही. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "ती मुलगी दहावीला कुठे होती?"

आणि एक सुचवलं: विटेऐवजी एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे, वापरा. भिंतीचे ७ चे ३ होतील, मोमेंट ३५.४. म्हणजे पहिल्या रिपोर्टच्या ४०.४ च्याही आत. सर यावर खूश झाले, कारण आता कुठल्याही पद्धतीनं, कुठल्याही सेक्शननं, कुठल्याही इंजिनिअरकडून उत्तर एकच. लगेच गवंड्याला कळवलं.

खोली दिवाळीच्या आधी झाली. परवा सरांच्या मिसेसचा फोन आला होता, भिंत छान आहे पण त्या ब्लॉकात खिळा धरत नाही, देवाचं कॅलेंडर दोनदा पडलं. त्यांना रुंद प्लग आणि स्क्रू सांगितलाय.